तळ चाचपणारा गळ

डिसेंबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या टेबल रॉक जलाशयाचं पाणी सात-आठ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतं. उन्हाळाभर धिंगाणा घालणाऱ्या जेट-स्की आणि सहलीच्या बोटी केव्हाच किनाऱ्याला बांधलेल्या असतात. मागे उरतात त्या लांबट, बसक्या बोटी आणि त्यांच्या पुढच्या टोकावर कानटोपी घालून उभी असलेली, पाण्याकडे कमी आणि हातातल्या काठीच्या शेंड्याकडे जास्त बघणारी माणसं. त्यांच्या दोरीच्या टोकाला सव्वा तोळ्याच्या आसपास शिसं असतं, त्या शिशात ओतून बसवलेला गळ असतो आणि गळाभोवती सिलिकॉनच्या तंतूंची झालर. हा ऐवज दहा-बारा मीटर खोल, तळाच्या गोट्यांवरून मुंगीच्या पावलानं सरकत असतो. त्याला जिग म्हणतात. आणि ज्याच्यासाठी ही थंडी सोसायची, तो मासा बास.

महाराष्ट्रात बास म्हटलं की खवय्यांना रायगडचा जिताडा आठवेल, कारण हॉटेलांच्या मेन्यूत तो ‘सी बास’ म्हणून मिरवतो. या दोघांचं जवळचं नातं नाही. अमेरिकेतला ब्लॅक बास गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला. टेबल रॉकमध्ये त्याच्या तीन जाती एकत्र नांदतात: मोठ्या जबड्याचा लार्जमाउथ, थंड आणि खडकाळ पाणी आवडणारा स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड, ज्याला तिथले लोक केंटकी म्हणतात. तिघेही शिकारी, तिघांनाही क्रेफिश हा नांग्यांचा जीव प्रिय. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीचा सगळा डोलारा, म्हणजे बोटी, स्पर्धा, दुकानं, टीव्हीवरचे कार्यक्रम, मुख्यतः या माशावर उभा आहे.

जिगकडे पाहून कोणाचा विश्वास बसणार नाही की तो या साऱ्याच्या केंद्रस्थानी आहे. दुकानात टांगलेल्या इतर आमिषांना डोळे असतात, चकचकीत खवले असतात, पाण्यात ओढलं की ती थरथरतात, खुळखुळतात. जिग नुसता ओढला तर काहीच करत नाही. त्याला चाल द्यायची ती माणसाच्या मनगटानं. तो बुडतो, हेच त्याचं मुख्य काम. पण बुडतो म्हणूनच तो तळाशी पोचतो, आणि तळ वर्षभर बदलत नसला तरी तळाच्या कुठल्या पायरीवर बास उभा आहे ते मात्र दर महिन्याला बदलतं. जिगची मासेमारी म्हणजे आधी तळ वाचणं. मासा नंतर.

टेबल रॉकचा तळ वाचण्याजोगा आहे. मिझुरी आणि आर्कान्सा या राज्यांच्या सीमेवर ओझार्क डोंगरांतून व्हाइट नदी वाहते. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलानं तिच्यावर १९५४ ते १९५८ या काळात ब्रॅन्सन गावाजवळ २५२ फूट उंचीचं धरण बांधलं. जलाशयाचं क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार एकर. नेहमीच्या पातळीला त्यात मावणारं पाणी हिशेब केला तर आपल्या उजनीच्या जवळपास येतं, साधारण ११७ टीएमसी. फरक एवढाच की उजनीचं पाणी सपाटीवर ऐसपैस पसरतं, आणि टेबल रॉकचं पाणी अरुंद दऱ्यांमध्ये खोल उभं राहिलेलं आहे. प्रत्येक ओढ्याच्या, नाल्याच्या तोंडातून ते आत घुसलं, त्यामुळे किनारा इतका नागमोडी झाला की त्याची लांबी बाराशे किलोमीटरच्या आसपास भरते. महाराष्ट्राचा अख्खा समुद्रकिनारा त्याहून तोकडा.

खाली अजून जुनं खोरं तसंच आहे. नदीचं मूळ पात्र, त्याला मिळणारे ओढे, चुनखडीचे कडे, खडीचे उतार, शेतांचे बांध, रस्ते. ओएसिस नावाचं एक गावही पाण्याखाली गेलं, आणि आज पाणबुडे त्याचे अवशेष बघायला जातात. उजनीत पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. ओएसिसच्या नशिबी ते नाही, इतकं ते खोल आहे. दऱ्यांमधली पुष्कळ झाडं न तोडता तशीच बुडवली गेली. सीडरची वाळकी खोडं साठ-पासष्ट वर्षांनंतरही पाण्यात उभी आहेत आणि मासे त्यांच्या आश्रयाला राहतात. कालांतरानं ही झाडं कुजत चालली, म्हणून २००७ नंतरच्या काही वर्षांत मिझुरीच्या निसर्गसंवर्धन खात्यानं जलाशयात झाडांच्या फांद्यांचे आणि दगडांचे ढीग मुद्दाम बुडवले आणि त्यांच्या जागा नकाशासह जाहीर केल्या. सरकारनं माशांच्या घरांचे पत्ते छापून लोकांना वाटावेत, हे आपल्याकडच्या वाचकाला गमतीदार वाटेल. पण परवान्याचे पैसे भरणाऱ्या मासेमारांना त्यात काही नवल वाटत नाही.

आता जिगची घडण. शिशाच्या डोक्याचा आकार कामाप्रमाणे ठरतो. खडी आणि गोट्यांवर ओढायचा असेल तर डोकं आडवं, रग्बीच्या चेंडूच्या आकाराचं. ते फटींत अडकत नाही आणि दगडावरून डुलत जातं. झाडाझुडपांत टाकायचा असेल तर ते निमुळतं. थंड, स्वच्छ पाण्यात लहान गोल डोकं आणि आखूड झालर. गळाच्या टोकापुढे ताठ तंतूंचा एक छोटा जुडगा असतो. फांदीत टोक रुतू नये म्हणून तो आड येतो, पण माशाच्या तोंडात दबतो. गळावर शेवटी मऊ प्लॅस्टिकच्या नांग्यांचा एक तुकडा खोचतात. पूर्वी त्या जागी खारवलेल्या डुकराच्या चामड्याचा आणि चरबीचा तुकडा असे. गोठवणाऱ्या पाण्यातही तो लवचीक राही, फक्त उन्हात विसरला तर गळावरच वाळून दगड होई. विस्कॉन्सिनमधली अंकल जॉश ही कंपनी १९२० च्या दशकापासून हे तुकडे बरण्यांत भरून विकत होती. दहाएक वर्षांपूर्वी तिनंही डुक्कर सोडलं.

या सगळ्यातून तयार होतो तो क्रेफिशचा आभास. क्रेफिश म्हणजे अंगानं कोळंबीसारखा आणि नांग्यांनी खेकड्यासारखा, दगडाखाली राहणारा जीव. व्हाइट नदीच्या खोऱ्यात त्याची लांब नांग्यांची एक मोठी जात आहे, जी जगात दुसरीकडे नैसर्गिकरीत्या आढळत नाही. धरणं झाल्यावर ती मेली नाही, उलट जलाशयांच्या खडकाळ काठांवर चांगली रुळली. म्हणून टेबल रॉकवर जिगचे रंग तपकिरी, शेवाळी हिरवे, आणि तपकिरीत जांभळी छटा असलेला एक, ज्याला तिथे ‘पीनट बटर अँड जेली’ म्हणतात.

शिशाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. तुटून पाण्यात राहिलेलं शिसं लून नावाच्या पाणपक्ष्यांच्या पोटात जातं आणि त्यांना विषबाधा होते. म्हणून न्यू हॅम्पशायर राज्यानं २०१६ पासून एक औंस आणि त्याहून हलक्या शिशाच्या जिगवर बंदी घातली. टंगस्टनचे जिग मिळतात, पण महाग. मिझुरी मात्र अमेरिकेतलं सर्वांत मोठं शिसं उत्पादक राज्य आहे, आणि तिथल्या बोटींमध्ये शिशाचंच राज्य चालतं.

हिवाळ्यात बास खोल जातो, पण कुठेही जात नाही. जुनं नदीपात्र जिथे वळण घेऊन कड्याला भिडतं, ती त्याची आवडती जागा. तिथे उभा उतार असतो: थोडं वर, थोडं खाली सरकलं की त्याला हवी ती खोली मिळते, लांबचा प्रवास करावा लागत नाही. थंड रक्ताच्या जिवाला पाणी गार झालं की भूकही कमी, हालचालही कमी. शॅड नावाच्या छोट्या माशांची एक नाजूक जात पाणी पाच-सहा अंशांवर उतरलं की मरायला लागते, आणि तरंगत खाली येणारे ते मासे बासला आयते मिळतात. अशा दिवसांत जिग उड्या मारत नेला तर फुकट. तो ओढायचा, थांबवायचा, आणखी थांबवायचा.

नवख्या माणसाची फसगत इथेच होते. तो ओढ लागण्याची वाट बघतो. बास जिगला चावत नाही. तो तोंड झटकन उघडतो, पाणी आत खेचलं जातं आणि पाण्याबरोबर जिगही. कठीण, बेचव काही लागलं तर तितक्याच वेगानं तो बाहेर थुंकतो. वर काठी धरलेल्या माणसाला कळतं ते एवढंच: एक बारीक ‘टक’, किंवा दोरी किंचित बाजूला सरकल्यासारखी, किंवा जिगचं वजन अचानक नाहीसं झाल्यासारखं. म्हणून या कामाला फ्लोरोकार्बनची दोरी लागते. ती साध्या नायलॉनच्या तंगुसापेक्षा कमी ताणते, पाण्यात बुडते आणि स्वच्छ पाण्यात सहज दिसत नाही. काठी ताठ, शेंडा मात्र बोलका.

फेब्रुवारी सरता सरता पाणी नऊ-दहा अंशांवर येतं आणि वर्षातला सर्वांत चांगला काळ सुरू होतो. हे विधान वादग्रस्त आहे, उन्हाळ्याच्या रात्रींचे भक्त ते मान्य करणार नाहीत, पण मोठे मासे याच दिवसांत जिगला लागतात याबद्दल दुमत नाही. अंड्यांनी जड झालेल्या माद्यांना खाद्य हवं असतं. दगडांखालचे क्रेफिश हिंडू लागतात. आणि खोल कड्यांवरून विणीच्या उथळ खाड्यांकडे बासचा प्रवास सुरू होतो. हा प्रवास सरळ नसतो. ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या डोंगरसोंडेपाशी पहिला मुक्काम, आतल्या छोट्या सोंडेपाशी दुसरा, मग खडीच्या उतारावर तिसरा. थंडीची लाट आली की पुन्हा मागे. जिग टाकणारा या मुक्कामांची यादी मनात ठेवून हिंडतो. खाली चिखल आहे की खडी, हे त्याला डोळ्यांनी नव्हे, दोरीतून येणाऱ्या कंपांवरून कळतं: चिखलात जिग जड आणि मुका होतो, खडीवर किरकिरतो, मोठ्या दगडावर अडखळून सुटतो. त्या सुटण्याच्या क्षणी बरेचदा मासा लागतो.

टेबल रॉकचं पाणी काचेसारखं स्वच्छ, त्यामुळे निरभ्र, शांत दिवस सहलीला चांगला आणि मासेमारीला वाईट. वारा सुटला, पाण्याचा पृष्ठभाग विस्कटला, आभाळ भरलं की बास धीट होतो. मार्चमध्ये गार वारा तोंडावर घेत, लाटा आदळणाऱ्या काठाला बोट सांभाळून उभे राहणारे लोक वेडे वाटतात. त्यांचा हिशेब मात्र बरोबर असतो.

एप्रिलमध्ये पाणी सोळा ते वीस अंशांत आलं की नर शेपटीनं खडी झाडून बशीसारखा खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते. राखण नर करतो, अंड्यांची आणि नंतर पिल्लांच्या काळ्या घोळक्याचीही. या खळग्यात जिग पडला की नर तो उचलतो, भुकेनं नाही, घरातला कचरा बाहेर फेकावा म्हणून. त्याच वेळी त्याला पकडावं की पकडू नये, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पकडून लगेच सोडला तरी तेवढ्या वेळात सनफिश येऊन अंडी फस्त करतात. दिसणाऱ्या माशाला चिडवून गळाला लावण्यात तळ वाचण्याचं कसबही फारसं लागत नाही.

वसंतात कधी कधी तळच बदलतो. एप्रिल २०११ मध्ये ओझार्कमध्ये धो धो पाऊस झाला आणि टेबल रॉकची पातळी ९१५ फुटांच्या नेहमीच्या खुणेवरून ९३५ फुटांपर्यंत चढली, हा आजवरचा उच्चांक. काठची झुडपं, तंबूंच्या जागा, वाहनतळ पाण्याखाली गेले, आणि पाण्याबरोबर मासेही तिथे गेले. अशा वेळी जिग लांब फेकून उपयोग नसतो. लांब काठीनं दोरी हातात धरून, झोका देऊन, तो आवाज न करता झुडपाच्या पोटात सोडायचा. याला ‘फ्लिपिंग’ म्हणतात, आणि त्याची गोष्टही व्हाइट नदीशी जोडलेली आहे. डी थॉमस हा कॅलिफोर्नियाचा माणूस. तिकडे लव्हाळ्यांत बारा फुटी काठ्यांनी जिग बुचकळायची पद्धत होती. स्पर्धांनी काठीच्या लांबीवर मर्यादा घातल्यावर त्यानं तेच तंत्र आखूड काठीवर बसवलं. १९७५ मध्ये तो टेबल रॉकच्या खालच्या अंगाला असलेल्या बुल शोल्स जलाशयावर आला आणि तिथली मोठी स्पर्धा जिंकून गेला. पूर्वेकडच्या मासेमारांनी असलं काही पाहिलं नव्हतं. काही वर्षांतच फ्लिपिंगची काठी प्रत्येकाच्या बोटीत आली.

जून ते सप्टेंबर हा जिगच्या परीक्षेचा काळ. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, आणि दोहोंच्या मधे तापमान एकदम घसरणारा एक थर तयार होतो. त्याच्या खाली हवा पोचत नाही, प्राणवायू संपत जातो. म्हणजे एवढ्या खोल जलाशयातला फक्त वरचा सात-दहा मीटरचा भाग राहण्याजोगा उरतो. बरेच बास तळ सोडून सीडरच्या शेंड्यांपाशी अधांतरी राहतात, आणि तळावर चालणाऱ्या जिगला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. पण काही मासे जलाशयाच्या मधे बुडालेल्या टेकड्यांच्या माथ्यावर येतात. त्यांच्यासाठी रग्बी चेंडूच्या डोक्याचा जड जिग.

आणि मग रात्र. दिवसा कडक ऊन, काचेसारखं पाणी आणि बोटींची वर्दळ यांना कंटाळून ओझार्कमधले जुने लोक उन्हाळ्यात दिवस मावळल्यावरच बाहेर पडतात. बोटीच्या काठाला अतिनील दिवा लावतात. त्या उजेडात खास रंगवलेली दोरी निळी झगझगते आणि तिची सूक्ष्म हालचालही दिसते. जिग काळा किंवा काळा-निळा, आकारानं मोठा, कारण खालून बघणाऱ्या माशाला रात्रीच्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर गडद आकृतीच ठळक दिसते. अंधारात क्रेफिशही बाहेर पडलेले असतात.

शरद ऋतूबद्दल जिगवाल्यांना फार बोलायचं नसतं. वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, थर मोडतात, शॅडचे थवे ओढ्यांच्या टोकांकडे धावतात आणि बास त्यांच्या मागे. तेव्हा वेगानं धावणारी, चकाकणारी आमिषं चालतात. नोव्हेंबरची थंडी पडली की जिगच्या पेट्या पुन्हा उघडतात.

या नादाचा धंदा झाला तोही व्हाइट नदीवरच. टेबल रॉकच्या वरच्या अंगाला, आर्कान्सात, बीव्हर जलाशय आहे. जून १९६७ मध्ये रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या विमा विक्रेत्यानं तिथे बास मासेमारीची स्पर्धा भरवली. १०६ जण प्रत्येकी शंभर डॉलर भरून उतरले. पुढच्या वर्षी त्यानं ‘बास’ ही संघटना काढली आणि १९७२ पासून मासे जिवंत परत सोडण्याची मोहीम चालवली. त्याच वर्षी टेबल रॉकपासून तासाभराच्या अंतरावरच्या स्प्रिंगफील्डमध्ये जॉनी मॉरिसनं वडिलांच्या दारूच्या दुकानात एका कोपऱ्यात मासेमारीचं सामान मांडलं. आज बास प्रो शॉप्स ही अमेरिकेतली अवाढव्य दुकानसाखळी आहे.

मासा परत सोडणं हा आता अमेरिकेत शिष्टाचार झाला आहे; टेबल रॉकवर पंधरा इंचांहून लहान लार्जमाउथ ठेवणं तर कायद्यानंच मना. जपानमध्ये उलटं. १९२५ मध्ये अमेरिकेतून नेलेला हा मासा तिथल्या पाण्यात पसरला आणि स्थानिक मासे फस्त करू लागला. बिवा सरोवरात पकडलेला बास पाण्यात परत सोडायला बंदी आहे. त्याच सरोवरात २००९ मध्ये मानाबू कुरिता यानं २२ पौंड ४ औंसांहून किंचित जास्त वजनाचा लार्जमाउथ पकडला आणि जॉर्ज पेरीच्या १९३२ मधल्या जॉर्जियातल्या विक्रमाशी बरोबरी केली. जुन्या माशाहून निदान दोन औंस जास्त भरला असता तरच तो एकट्याचा विक्रम झाला असता.

गेल्या काही वर्षांत मात्र तळ वाचण्याची गरजच उरली आहे का, असा प्रश्न या जलाशयांवर विचारला जातो. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप आलं. बोटीपुढच्या पाण्यात कुठे कोणता मासा आहे, तो आमिषाकडे वळला की पाठ फिरवली, हे सारं आता पडद्यावर चालू चित्रासारखं दिसतं. कालपर्यंत ज्यांच्या वाट्याला कोणी जात नव्हतं ते सीडरच्या शेंड्यांवरचे, अधांतरी मासे एकेक करून हेरता येतात. तरुण स्पर्धक पडद्यावरून नजर न काढता दिवस काढतात आणि जिंकतात. तक्रारी इतक्या वाढल्या की मेजर लीग फिशिंग या संघटनेनं २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च मालिकेत नियम केला: दिवसाचे तीन टप्पे, आणि हे यंत्र त्यातल्या एकाच टप्प्यात सुरू ठेवायचं.

गंमत अशी की त्या पडद्यावर पाहून मासे पकडणाऱ्यांच्या दोरीला बहुतेक वेळा जे बांधलेलं असतं, तोही जिगच आहे. झालर नाही, नांग्या नाहीत. वाटाण्याएवढं शिशाचं किंवा टंगस्टनचं गोल डोकं आणि मागे शॅडच्या आकाराचा मऊ प्लॅस्टिकचा मासा. तो तळाला कधी टेकत नाही. माशाच्या डोक्यावर हातभर उंचीवरून, काठीचा शेंडा थरथरवत, तो पुढे नेतात. यंत्र बंद करायची वेळ झाली की ती काठी खाली ठेवायची, आणि बोटीच्या तळाशी पडलेली दुसरी, ताठ काठी उचलायची.